एकाच वाणाचं रक्त

परभणी, २ मार्च १९९०

आज कामाला लागले. म्हातारीला नोकरी लागली म्हणून शेजारच्या चांगुणाबाईनं मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली. म्हटलं, बाई, दृष्ट लागावी असं माझ्यात उरलंय काय, चार दात आणि एक जीभ. ती म्हणाली, जिभेचीच काढते.

नोकरी रक्तपेढीत. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला औषधाच्या दुकानावरचा मजला आहे, तिथं. रक्त देऊन जो उठेल त्याला चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं द्यायची, कुणाला चक्कर आली तर पाय वर करून धरायचे, फरशी पुसायची. मालक माणिकराव. गुबगुबीत, दुपारपर्यंत अत्तराचा वास येत राहतो असा. मला मावशी म्हणाला, खुर्चीवर बसा म्हणाला. मी खालीच बसले. खालून माणसाचं तोंड बरोबर दिसतं.

हे लिहितेय माझी नात सत्यशीला. मला अक्षर येत नाही. तिच्या कॉलेजातल्या मास्तरांनी पोरांना रोज काहीतरी लिहा म्हणून सांगितलंय. हिच्या आयुष्यात काही घडत नाही, म्हणून माझं लिहायला घेतलं. मी न्हाई म्हणते, ती नाही लिहिते. लिहू दे. म्हातारीला धुऊन इस्त्री करून मांडायची हौस आहे तिला.

आता कामाची गोष्ट. माझा एकुलता एक लेक नागनाथ, म्हणजे हिचा बाप, याच पेढीत रक्त विकून विकून मेला. मोंढ्यात हमाली करायचा, पोत्याखाली सापडून उजवा पाय अधू झाला, तेव्हापासून हा धंदा. दर आठवड्याला नवं नाव सांगायचा आणि माणिकराव तेच नाव लिहून घ्यायचा. डोळे हळदीसारखे झाले तेव्हा माणिकरावानं त्याला दवाखान्यात नाही पाठवलं, काळा गॉगल आणून दिला. गिऱ्हाइकांना डोळे दिसू नयेत म्हणून. लेक गॉगल लावून ऐटीत घरी आला, आणि मी त्याला हिरो म्हणून चिडवलं. पुढं पोट फुगलं आणि दोन वर्षांमागं गेला. हिची आई हिच्या बाळंतपणातच गेली होती. आता हिला मी आणि मला ही, बस.

माणिकराव मला ओळखत नाही. ज्याला दर खेपेला नवं नाव, त्याची आई कुणाच्या ध्यानात राहणार? मला दुसरं काही नको. त्यानं माझ्या लेकासारखं मरावं, हळूहळू, आणि मला ते जवळून बघायला मिळावं. कसं ते ठरवलं नाही. पण चहा माझ्या हातात आहे.

११ मार्च

काम अंगवळणी पडलं. रक्त देणारा कोण आणि विकणारा कोण, ते चहा पिताना कळतं. देणारा आजूबाजूला बघत पितो. विकणारा कपात बघत पितो. विकणाऱ्यांना मी साखर जास्त घालते. माणिकरावानं पाहिलं आणि हसला, मावशी, तुमचा हात सढळ हाय म्हणाला. काल माझ्या पायाला भेगा बघून त्यानं नव्या चपला आणून दिल्या. मेल्यानं वाईट तरी नीट वागावं की नाही? चपला मात्र मऊ आहेत.

बाटलीवर 'तपासले' असा शिक्का मारतात. मारणारा पोऱ्या एका बैठकीत सगळे मारून मोकळा होतो, सकाळीच, बाटल्या रिकाम्या असतानाच.

पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आल्या आहेत. पंधरा दिवस इथल्या देणाऱ्यांचं रक्त गोळा करणार. माणिकरावाला वरून पत्र आलंय, त्यामुळं त्याला नाही म्हणता येत नाही. नुसता घाम पुसतो. बाईंना मी विचारलं, काय शोधायलात? बाई म्हणाल्या, काविळीचा एक विषाणू असतो, डोळ्याला न दिसणारा, रक्तातून रक्तात जातो. किती जणांत आहे ते मोजायचं. आणि नुसतं मोजायचं नाही, त्याचा वाण ओळखायचा. त्याच्या आत म्हणे अक्षरांची माळ असते. एका माणसातून दुसऱ्यात जाता जाता एखादं अक्षर बदलतं, पोरं एकमेकांचं बघून लिहिताना चुकतात तसं. चुका जुळवत मागं मागं गेलं की मूळ घर सापडतं.

मी विचारलं, त्याच्यात जात असते का हो? बाई हसल्या. म्हणाल्या, तो कुणाची जात विचारत नाही मावशी, मिळेल त्या घरात शिरतो. म्हटलं, मग आमच्यापेक्षा नशीबवान. आम्हाला परभणीत खोली मिळायला सहा घरं आडनाव विचारून झाली.

त्यांनी माझंही रक्त घेतलं, आणि मला घ्यायला आलेल्या सत्यशीलाचंही. बाईंची सुई नवी, कागदातली. माणिकरावाची सुई मात्र पाण्यात बुडवून पुन्हा तीच.

२४ मार्च

डॉक्टरीणबाई बाटल्यांचं खोकं घेऊन पुण्याला गेल्या. तपासून परत येणार आहेत.

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. झरीची नर्मदाबाई आली. मोठ्या शेतकऱ्याच्या घरची सून, हातात पाटल्या, पदर डोक्यावरून ढळत नाही. बाळंतपणात तिला इथलं रक्त चढवलं होतं, आमचा नागनाथ येत होता तेव्हा. रक्त द्यायला आली का म्हणून विचारलं, तर मान हलवून बाकावर बसली. मी चहा दिला. ती म्हणाली, साखर कमी घालत जा की माय, किती येळा सांगू.

नागनाथच असं म्हणायचा. याच शब्दांत.

मी म्हटलं, असेल. साखर कमी पिणारी माणसं जगात पुष्कळ. मग तिनं बिस्कीट मोडलं, अर्धं खाल्लं, अर्धं रुमालात गुंडाळून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, ठमीला दे.

ठमी हे सत्यशीलाचं लाडाचं नाव. ते तिचा बाप सोडून कुणी घेत नव्हतं. आणि इथून मिळालेलं बिस्कीट अर्धं खिशात घालून तो तिच्यासाठीच आणायचा.

नर्मदाबाई उठली, जिना उतरली आणि खाली गेल्यावर एकदम इकडंतिकडं बघायला लागली, आपण कुठं आहोत ते न कळल्यासारखी. तिचे डोळे मी उजेडात पाहिले. पिवळे होते.

सत्यशीला म्हणते, आजी, तू हे बनवून सांगतेस. म्हटलं, बनवायचं असतं तर पाटल्या तरी काढून घेतल्या असत्या.

६ एप्रिल

आता रोज कुणी ना कुणी येतं. देवगाव फाट्याला ट्रक उलटला होता त्यातला क्लीनर आला. एक शाळामास्तर आला. सगळ्यांना कधी ना कधी इथलीच बाटली लागलेली. येतात, बाकावर बसतात, साखर कमी म्हणतात, अर्धं बिस्कीट ठमीला ठेवतात. मला माय म्हणतात. माणिकराव वैतागलाय. हे रक्त द्यायचं सोडून चहाच प्यायला येतात का, म्हणाला.

आज दिनकरराव आला.

दिनकरराव म्हणजे ताडकळसजवळच्या आमच्या गावचा मोठा जमीनदार. नामांतराचं ठरलं औरंगाबादच्या विद्यापीठाचं, आणि जळालं आमचं छप्पर. एवढ्या लांबून ठिणगी उडाली बघा. ती रॉकेलच्या डब्यात घालून कुणी आणली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या आडावर आम्ही घागर बुडवली नाही कधी, वरून ओतून घ्यायचो. मागं त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा माणसं परभणीला धावली होती रक्तासाठी. मिळालं. कुणाचं ते कुणी विचारलं नाही.

तो जिना चढताना उजवा पाय ओढत होता. बाकावर बसला, माझ्या हातातला, माझा उष्टा कप घेतला आणि प्याला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, माय, दमलीस का गं?

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण काट्याच्या खालून काहीतरी गोड गोड सरकत गेलं.

मी म्हटलं, दिनकरराव, फरशी पुसायची राहिलीय.

त्यानं धोतर खोचलं आणि पुसली.

१४ एप्रिल

जयंती. आमच्या गल्लीतून मिरवणूक निघाली. दिनकरराव आला, मी नुसतं बोट दाखवलं, त्यानं निळा झेंडा खांद्यावर घेतला आणि पाय ओढत शेवटपर्यंत चालला. गावाकडची दोन माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती, त्यांच्या हातातलं सरबत हातातच राहिलं. मी हसून हसून बेजार. चांगुणाबाई म्हणाली, अगं तुला झालंय काय? म्हटलं, लेकरं झाली. उतारवयात.

सत्यशीला हसली नाही. बापाला ती दादा म्हणायची. ती म्हणाली, आजी, तो दादासारखा चालतोय म्हणून तुला हसू येतंय का? मला रडू येतंय. मग म्हणाली, त्याला सोडून दे.

सोडून देऊ? अजून माणिकराव बाकी आहे.

२० एप्रिल

डॉक्टरीणबाई आल्या. आधी माणिकरावाशी दार लावून भांडल्या. पेढीला कुलूप लागेल असं म्हणाल्या ते बाहेर ऐकू आलं. मग मला आणि सत्यशीलाला जवळ बसवलं.

इतर ठिकाणच्या मानानं इथल्या देणाऱ्यांत तो विषाणू भलताच पसरलाय. आणि बहुतेकांत एकच वाण. कुठंच न पाहिलेला. नागनाथसारख्या विकणाऱ्यांकडून बाटलीत, बाटलीतून घरोघर, आणि पाण्यात बुडवलेल्या त्याच सुईवरून उरलेल्यांत. अक्षरं जुळवत बाई मागं मागं गेल्या. सगळ्यात जुनी, न बदललेली माळ ज्या रक्तात सापडली ते रक्त माझं.

मी म्हटलं, माझ्यात? मला तर कधी ताप नाही आला. बाई म्हणाल्या, काहींना काहीच होत नाही, आयुष्यभर नुसता राहतो. आईकडून लेकराला जातो, जन्मतानाच. यात तुमचा काही दोष नाही मावशी. तो तुम्हालाही कुणाकडून तरी आलाच असेल. खरा दोष त्याचा, ज्यानं न तपासता तो बाटल्यांत भरून विकला.

म्हणजे जन्मभर माझ्या रक्तात अक्षरं होती, आणि मला वाचता येत नव्हती.

सत्यशीलाचं रक्त मात्र स्वच्छ निघालं. बापाकडून तिला गेलाच नाही. बाई म्हणाल्या, हिला लस टोचून घ्या, मग कधीच होणार नाही. पुण्याहून पार्सल पाठवते.

रडायला हवं होतं. मला एवढंच कळलं की ती बाकावर बसणारी सगळी माझी आहेत. आणि माझं ऐकतात.

२२ एप्रिल

भरदुपारी सगळी एकदम आली. बाक पुरला नाही, जिन्यावर बसली. नर्मदाबाई, क्लीनर, मास्तर, दिनकरराव, मी न पाहिलेलीही किती. सगळ्यांचे डोळे हळदीचे. चहा देता देता मी बोलून गेले. खरं तर थट्टेतच. म्हटलं, ज्यानं माझ्या लेकाला उपसून काढलं, त्याला एकदा कुणीतरी उपसून बघा की.

सगळ्यांनी एकाच वेळी कप खाली ठेवले.

मी बोललेलं परत घेऊ शकत होते. घेतलं नाही. हे लिहायला नको, सत्यशीला म्हणाली. मी म्हटलं, लिही.

२३ एप्रिल

सकाळी पेढीचं दार उघडंच होतं. माणिकराव खाटेवर. दोघांनी हात धरलेले, दोघांनी पाय, मायेनं, लेकराला न्हाऊ घालताना धरतात तसे. नर्मदाबाईच्या हातात सुई. बाटल्या ओळीनं भरत होत्या. त्याला तोंड होतं पण आवाज नव्हता.

तो माझ्याकडं बघत होता. मावशी, म्हणाला. ओठांनीच.

मी उंबऱ्यात बसले आणि बघितलं. दोन वर्षं मला हेच बघायचं होतं. गोड लागलं. लागलं, लागलं. मग नकोसं झालं, तरी उठले नाही.

मग त्यांनी नळी उलटी लावली. दिनकररावानं आपली बाही वर केली. मग मास्तरानं. एकेकानं आपलं थोडं थोडं त्याच्यात —

मी ओरडले, हे नाही सांगितलं मी. मरू द्या त्याला. मरू द्या!

पहिल्यांदाच कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

२५ एप्रिल

माणिकराव घरी आला. पाय ओढत. कुलूप लागलंय पेढीला म्हणाला, नोकरी गेली तुझी, आता बस निवांत. अत्तराचा वास नाही.

मग म्हणाला, माय, लय भूक लागली.

नागनाथचा आवाज. बारीक घोगरा, ताप उतरल्यावरचा.

मी भाकरी दिली. काय करणार? माझा वैरी होता तो, एकच होता, तोही काढून घेतला माझ्याकडून. आता त्याला शिवी देते तर ती लेकाला लागते. मारायला हात उचलला आणि तोंडावरून फिरवला.

भाकरी खाताना तो दाराकडं बघत होता. म्हणाला, ठमी कधी येती कॉलेजातून?

२६ एप्रिल

सत्यशीलाला घरातच ठेवलंय. ती आता माझं काही खोडत न्हाई, बोलते तसं लिहिते.

गल्लीच्या तोंडाला उभे ऱ्हातात. दिसभर. उन्हात. चांगुणाबाईनं इचारलं, कोण पाहिजे? तर समद्यांनी एकदम सांगितलं, लेक.

नर्मदाबाई खिडकीशी आली. गोड बोलली. माय, आमी समदे एक रक्ताचे झालो. दिनकरराव बी झाला, माणिकराव बी झाला. ठमीच कामून परकी? सख्खी लेक न् तिच्यातच बाप न्हाई?

म्हनलं, तिला लस येणार हाय.

सांगायला नको हुतं. तोंड लय वाईट माझं.

नर्मदाबाईचं तोंड पडलं. म्हनली, मग ती कधीच आपली व्हनार न्हाई. — मग जल्दी करावं लागंल.

२७ एप्रिल

पार्सल न्हाई आलं.

चांगुणाबाईला पोलिसांकडं धाडलं. अजून न्हाई —

दाराशी आलेत. म्हनलं, खाली बसा. बसले. म्हनलं, पानी प्या. प्याले. म्हनलं, हिला इसरा.

कुणी हललं न्हाई.

माणिकराव फुडं हाय. हातात बाटली, नळी. त्याला जमतं हे काम, लय वर्सं केलंय. नागनाथच्या आवाजात बोलायलाय, माय, बाप हाय मी तिचा, दुखू देनार न्हाई.

मी म्हनलं, माझं घे. समदं घे. वाळवून टाक मला.

तर हसला. तुझंच हाय की ह्ये, म्हनला. बाटली दाखवली.

कडी निघायली —

सत्या, पुरं. ठिव ती पेन. मी सांगते त्ये काय लिहीत बसलीस, मोरीच्या बाजूनं भिंत बुटकी हाय, चढ — चपला ऱ्हाऊ दे — माझ्याकडं बघू नको, मी दारात उभी ऱ्हाते, मला वलांडल्याबिगर त्यांना —